मरणाचं कारण : ताप

गेल्या उन्हाळ्यात मावसभावाच्या पोरीची जात पडताळणी अडकली. कुणबी असल्याचा १९६७ च्या आधीचा कागद पाहिजे होता. घरात निघाला तो एक जुना फेरफार, आणि त्यात जातीचा रकानाच नव्हता. मग कोणीतरी सांगितलं, कोतवाल पंजी काढा. वऱ्हाडात ही पंजी म्हणजे काय ते फोड करून सांगावं लागत नाही. इंग्रजी अमदानीत गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की कोतवाल वर्दी देई आणि ती वहीत उतरे : तारीख, नाव, बापाचं नाव, जात, वय, आणि मेलेल्याच्या बाबतीत मरणाचं कारण. शंभर वर्षं अंधाऱ्या खोलीत बांधून पडलेल्या त्या वह्यांना आज जो भाव आला आहे तो कापसालाही नाही. मोडी वाचणाऱ्या माणसाची तर जावयासारखी बडदास्त ठेवतात.

भातकुली अमरावतीहून पंधरा-सोळा किलोमीटर. जैनांचं जुनं क्षेत्र, आदिनाथाचं मंदिर. तालुका पेढी-पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला : विहिरीला पाणी लागतं, पण ते माणसाला पिववत नाही नि पिकाला सोसत नाही. काळी भेगाळणारी जमीन, वरचा पाऊस, त्यावर कापूस, तूर, मूग आणि ओल राहिली तर हरभरा. १८०३ साली अडगावला आणि गाविलगडावर इंग्रज-मराठ्यांची लढाई झाली, त्यानंतर या पट्ट्यात रणांगण असं झालं नाही. बॉम्ब पडला नाही, रणगाडा आला नाही. दिवाळी अंकासाठी ‘युद्ध आणि सामान्य माणूस’ हा विषय संपादकांनी दिला तेव्हा मी त्यांना म्हणालोही होतो की भातकुलीत बसून यावर काय लिहिणार?

रेकॉर्डच्या खोलीत बस्ता सोडताना तिथल्या माणसानं विचारलं, “कोनतं साल, भाऊ?”

“सोळा ते वीस पाहू,” मावसभाऊ म्हणाला.

“अठराची जरा सांभाळून उघडजा. पानं सुटली हायेत.”

पोरीच्या पणजोबाचा जन्म शोधता शोधता आम्ही १९१८ च्या ऑक्टोबरात शिरलो. तोवर मरणाच्या कारणांत बरीच विविधता होती : हगवण, पटकी, बाळंतरोग, साप. ऑक्टोबरापासून ती संपली. एका ओळीत ‘ताप’ लिहिलेलं, त्याखाली ‘सदर’, त्याखाली ‘सदर’, पान उलटलं तरी ‘सदर’. लिहिणाऱ्यानं पुढे पुढे शब्दही आखडते घेतलेले दिसत होते. नावाच्या जागी नुसतं ‘अमक्याची बायको’. वयाच्या रकान्यात पंचवीस, तीस, बावीस, अठ्ठावीस. म्हातारे कमी. मी नावं मोजली नाहीत, मोजायला आलो नव्हतो. मावसभाऊ मागून म्हणाला, “काय रे, पटकी काय?” मी म्हटलं, मानमोडी.

हा शब्द मी आजीकडून ऐकला होता. आजी म्हणे, तिच्या सासूच्या माहेरी एकाला पोचवून लोक घरी येत तर दुसरा निघालेला असे, म्हणून तिरडी मोडतच नसत. लहानपणी ही मला भुताखेताच्या गोष्टींपैकीच एक वाटे. जगानं त्या आजाराला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हटलं, तेही युद्धामुळेच. लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर नियंत्रण होतं, आजाराच्या बातम्या दाबल्या जात. स्पेन तटस्थ, म्हणून तिथल्या पत्रांत त्या छापून आल्या आणि दोष त्या देशाच्या नावावर चढला. आपल्याकडे ताप चढला की मान टाकून माणूस पडे, म्हणून मानमोडी. वऱ्हाडी माणसानं निदान जे दिसलं त्यावरून नाव ठेवलं.

ही मानमोडी भातकुलीत कुठून आली, त्याचा माग बराचसा लागलेला आहे. १९१८ चा मे संपत आलेला. पहिलं महायुद्ध चौथ्या वर्षात. मुंबई बंदर म्हणजे मेसोपोटेमियाच्या आघाडीचं अंगण : तिथून फौजा जात आणि जखमी, आजारी परत येत. १० जूनला मुंबईत सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. मुंबई महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांचं बोट बंदरात लागलेल्या एका फौजी जहाजाकडे होतं. सरकारपक्षाचं म्हणणं असं की जहाजावरच्यांनाच लागण मुंबईत झाली. शंभर वर्षांपूर्वीचा हा वाद वाचताना आपल्याकडचा कोविडचा काळ आठवल्याशिवाय राहत नाही. पहिली लाट सौम्य होती, जुलैत ओसरली. दुसरी सप्टेंबरात उठली ती खरी मारकी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं गेली.

मुंबईहून पुढचा रस्ता रेल्वेचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची गाडी कल्याण, इगतपुरी, भुसावळ करत शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्याला येई. सुटीवरचा शिपाई, गिरणीतून गावी पळालेला मजूर, टपालाची थैली उचलणारा हरकारा. बडनेऱ्याला उतरलेला माणूस बैलगाडीनं संध्याकाळपर्यंत भातकुलीत. साथ देशभर गेली, पण सगळ्यांत जोरानं बसली ती पश्चिम आणि मध्य भागाला : मुंबई इलाखा, आणि आपण तेव्हा ज्यात होतो तो मध्यप्रांत-वऱ्हाड.

इथं कोणी म्हणेल, ताप तर ताप, त्यात युद्ध कुठं आलं? जंतू फौजी नव्हता. पण जंतूला माणूस कोणत्या अवस्थेत सापडला तेही पाहायला पाहिजे. १९१८ चा पावसाळा फसला होता. ज्वारी करपली. एरवी अशा साली बाहेरून धान्य येतं. त्या साली धान्य, चारा, जहाजं, रेल्वेचे डबे सगळं लढाईला जुंपलेलं. १९१७ साली हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंडांची ‘भेट’ दिलेली, म्हणजे त्या वेळचे दीडशे कोटी रुपये. कर्जरोखे खपवायला मामलेदार गावोगाव फिरत. डॉक्टरांपैकी कित्येक फौजेबरोबर परदेशी. ऑक्टोबर म्हणजे वऱ्हाडात सीतादहीचे दिवस, कापसाची पहिली वेचणी. त्या दिवसांत घरातली धट्टीकट्टी बाई आडवी पडली की वेचणी बुडते, मजुरी बुडते, चूल बुडते. आणि या तापाची रीतच उलटी. एरवीचा फ्लू म्हातारे आणि तान्ही मुलं नेतो, यानं वीस ते चाळीस वयाची माणसं नेली. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं बायकांनी, आणि घरात सगळ्यांत शेवटी, उरलं तर, जेवायचंही बायकांनीच. पंजीतल्या ‘अमक्याची बायको’ या ओळींचा अर्थ मला त्या खोलीत नाही, नंतर घरी या साथीबद्दल वाचताना लागला.

एक गोष्ट मात्र वाचून मी थबकलो. १९१७-१८ मध्ये कापसाचे भाव चढलेले होते. व्यापारी आणि जिनवाले खुशीत होते. पण विलायती कापड जहाजांअभावी येईना, देशी गिरण्या फौजेच्या कापडात गुंतलेल्या, म्हणून धोतर-लुगड्याचे भाव असे भडकले की ठिकठिकाणी कापडाची दुकानं लुटली गेली आणि सरकारला १९१८ साली सुती कापडाचा कायदा करून गरिबांसाठी स्वस्त ‘स्टँडर्ड’ कापड काढायचा घाट घालावा लागला. कापूस पिकवणारा मुलूख, घरात कापसाचा ढीग, आणि कफनाला कापड परवडत नाही. अमरावतीच्या बाजारात त्या महिन्यात मांजरपाट काय भावानं गेला असेल याचा विचार मी सोडून दिला.

११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं. भातकुलीच्या पंजीत त्या दिवशीही ‘सदर’ चालूच होतं.

एकूण मेले किती? पंजीत फक्त ‘ताप’ आहे, आणि हिंदुस्थानभर हाच घोळ. सरकारी रकाने ठरलेले : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात. फ्लूला रकाना नव्हता. म्हणून नंतरच्या अभ्यासकांना नेहमीच्या सालातले ‘ताप’ वजा करून उरलेले मोजावे लागले. कोणाच्या हिशेबात १ कोटी २० लाख आले, कोणाच्या १ कोटी ८५ लाख. मधला फरकच पासष्ट लाखांचा, म्हणजे तेव्हाच्या दोन वऱ्हाडांएवढा. १९११ ते १९२१ हे देशाच्या जनगणनेतलं एकमेव दशक, ज्यात लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत ती जवळपास ३ टक्क्यांनी घटली.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. त्या युद्धात हिंदी फौजेचे सुमारे ७४ हजार जवान मारले गेले. त्यांची आठवण ठेवली गेली, आणि ती ठेवायलाच पाहिजे होती. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. साताऱ्याच्या अपशिंगे गावात, ज्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथं गेलेल्या ४६ जवानांसाठी स्मारक आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जुन्या चावडीत ‘या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत’ असा मजकूर कोरलेली शिळा अजून दिसते. त्या शिळेवर बसून लोक तंबाखू मळतात, पण शिळा आहे. तापानं मेलेल्या कोट्यवधींसाठी एक दगड उभा राहिलेला माझ्या पाहण्यात नाही. त्यांचं स्मारक म्हणजे ही पंजी, आणि तीही आपण उघडतो ती जातीच्या दाखल्यासाठी.

हे वाचत असताना मी आपसूक आणखी मागे गेलो, कारण ज्या रुळांवरून मानमोडी आली ते रूळ मुळात कशासाठी पडले होते? कापसासाठी. आणि त्या कापसाचं नशीब फळफळलं तेही एका दूरच्या लढाईनंच. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेनं दक्षिणेची बंदरं रोखली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना रोजचा घास मिळेना. १८६२ च्या हिवाळ्यात तिथले पाच लाखांच्या आसपास लोक मदतीच्या भाकरीवर जगत होते. कताई-विणाईचे कामगार ते, बंदूक कोणाच्या हातात नाही. त्यांच्या उपासमारीनं इकडे खामगाव, अमरावतीच्या बाजारात सोनं झालं. मुंबईत कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंदांपासून कारकुनांपर्यंत सगळे शेअरच्या मागे लागले. १८६५ च्या एप्रिलमध्ये तिकडे यादवी संपल्यात जमा झाली, आणि १ जुलै १८६५ ला इकडे मुंबईचा बाजार कोसळला.

बाजार मुंबईत कोसळला, तरी कापूस वऱ्हाडात रुजला तो रुजलाच. १८६६ नंतर सरकारनं मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांना खास कापूस कमिशनर नेमलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला भिडली, १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. घरच्या ज्वारीच्या जागी बाजारचा कापूस आला. ज्वारी पेवात साठवता येते, कापूस खाता येत नाही. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडच्या कापूस आणि दुष्काळावर जे पुस्तक लिहिलं त्याचा रोख हाच आहे. १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ आला तेव्हा पावसानं दगा दिला हे खरंच, पण पेवं आधीच रिकामी होती. १८९१ ला वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती, १९०१ ला २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत वाढायची सोडून १ लाख ४३ हजारांनी कमी. यांतल्या प्रत्येकाला अमेरिकेच्या यादवीनं मारलं असं मी म्हणणार नाही, ती ओढाताण होईल. पण त्या यादवीतल्या गेटिसबर्गच्या तोफा आणि भातकुलीची रिकामी पेवं यांना जोडणारा धागा कापसाचा आहे, एवढं दिसतं.

दुसऱ्या महायुद्धाकडे मी फार थांबत नाही, एक प्रसंग सोडून. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि त्याच्याच संगतीत कापसाच्या ८७०० गाठी. तो कापूस कराचीला चढलेला, आपल्याकडचा नव्हे. पण सरकी-रुईत वाढलेल्या कोणालाही विचारा, गाठ एकदा आतून धुमसायला लागली की काय होतं. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन स्फोट झाले. आठशेच्या आसपास माणसं गेली असं अधिकृतपणे मानतात, इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. गोदीतले हमाल किती, त्यांची नोंद ‘सदर’ छापाचीच. शत्रूचं विमान आकाशात नसताना मुंबईत झालेला हा युद्धाचा सगळ्यांत मोठा संहार.

आता जवळच्या गोष्टी. बडनेऱ्याहून नागपूरची पॅसेंजर धरली की चांदूर, धामणगाव आणि मग वर्धा नदीपलीकडे पुलगाव. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक तिथं आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथं आग लागली, स्फोट झाले, सोळाहून अधिक माणसं गेली. त्यांत भांडाराची आग विझवायला धावलेले जास्त. आगरगाव, नागझरीचे लोक रात्री लेकरं खांद्यावर घेऊन पळाले. दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, जुना दारूगोळा नष्ट करायच्या मैदानावर पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा मेले. बहुतेक आसपासच्या खेड्यांतले मजूर, रोजानं खड्डे खोदायला आणि पेट्या उचलायला लावलेले. तिथल्या गरिबांची एक जुनी कमाई आहे : स्फोट झाले की माळावरचं पितळ-लोखंड वेचायचं आणि भंगारवाल्याला घालायचं. कापूस वेचणारे हात ते. तो दारूगोळा कोणत्याही युद्धात उडाला नव्हता. म्हातारा झाला म्हणून त्याला मारायला आणलं होतं.

अमरावतीहून मोटारीनं नागपूरला निघालात तर बाजारगाव लागतं. १७ डिसेंबर २०२३ ला तिथल्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले. त्यांत सहा बायका. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जण. ही यादी मी मुद्दाम थांबवतो. विदर्भात नोकरी म्हटलं की एकीकडे शेती, दुसरीकडे पोलीसभरती आणि तिसरीकडे बारूद, असं झालं आहे. देशाला दारूगोळा लागतो, तो कुठंतरी बनणार, हे मला कळतं. बाजारगावची बाई मात्र सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या गाडीत चढते तेव्हा ती कोणत्या रकान्यात बसते, हे कळत नाही. ती शिपाई नाही. तिच्यासाठी बिगुल वाजत नाही. मोर्चा निघतो, फाटकाशी लोक बसतात, भरपाईचा आकडा ठरतो.

भाषणांत एक वाक्य फार ऐकू येतं की आजच्या युद्धात मरणाऱ्या दहांपैकी नऊ सामान्य माणसं असतात. त्या आकड्याला पक्का आधार नाही, अभ्यासक त्याला मानत नाहीत, म्हणून मीही वापरणार नाही. पण आकडे मांडणाऱ्यांनी हिशेबाची जी नवी रीत काढली ती आमच्या पंजीच्या फार जवळची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं येमेनसाठी अंदाज केला : २०२१ संपेपर्यंत ३ लाख ७७ हजार मृत्यू, आणि त्यांतले साठ टक्क्यांच्या आसपास गोळीनं नाही तर भुकेनं, रोगानं, दूषित पाण्यानं. काँगोत १९९८ ते २००७ या काळातल्या युद्धाची किंमत एका मदतसंस्थेनं ५४ लाख जीव अशी काढली. त्या आकड्यावरही वाद आहे, पण मरणाची कारणं पाहिली तर हिवताप, हगवण, फुप्फुसाचा दाह, कुपोषण. म्हणजे तिथल्या कोणा कोतवालानंही वहीत ‘ताप’ लिहिलं असणार, आणि त्याखाली ‘सदर’.

२०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा भातकुलीच्या कृषी केंद्रात पोटॅशची चौकशी करणारा शेतकरी आणि वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे पोरगं पाठवलेला मास्तर हे दोघंही रोज रात्री टीव्हीसमोर बसत. पोरं परत आली. पोटॅश रशिया-बेलारूसकडून यायचा, तो महाग झाला तो झालाच. गोडेतेलाचंही तेच. आमच्याकडे युद्धाची बातमी आधी किराणा दुकानदार सांगतो, मग पेपर.

पणजोबाची जन्मनोंद अखेर सापडली, १९१७ च्या श्रावणातली. जातीचा रकाना भरलेला, अक्षर स्वच्छ. मावसभावानं त्या पानाला हात जोडले. पुढची पानं उलटताना त्याच घरातली आणखी एक नोंद मला दिसली : १९१८, कार्तिक, ‘अमक्याची बायको’, वय बावीस. पणजोबाची आई. म्हणजे पणजोबा सव्वा वर्षाचा असताना. घरात आजवर कोणी हे बोललं नव्हतं. तो मावशीनं वाढवला, एवढंच सगळे सांगत.

“हेही काढायचं का?” खोलीतल्या माणसानं विचारलं.

मावसभाऊ माझ्याकडे पाहू लागला. पडताळणीला एकच नोंद लागते, दुसरीची फी वेगळी. मी हो म्हटलं. त्या माणसानं पान काचेवर उपडं घातलं, आमची ओळ सोडून वर-खाली कोरे कागद ठेवले, कारण नक्कल फक्त मागितलेल्या नोंदीची देतात. हिरवा उजेड सरकत गेला. कागद बाहेर आला त्यावर एकच ओळ होती, आणि कारणाच्या रकान्यात ‘सदर’.

“याच्यावर सही होणार नाही साहेबांची,” तो म्हणाला. “कारन लिहिलेलं नाही. सदर म्हणजे काय, ते वरच्या ओळीत असंल. वरची ओळ तुमच्या घरची हाये काय?”